निरगाठ आणि सुरगाठ

आत्याचा तंबोरा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या गळ्याशी, म्हणजे भोपळा आणि दांडी जिथे मिळतात तिथे, केसासारखी बारीक चीर होती. पुण्यातल्या दोन पावसाळ्यांत ती बोटभर झाली. तारा चढवल्या की जोड किंचित उघडायचा, उतरवल्या की मिटायचा. मी हार्डवेअरच्या दुकानातून एपॉक्सीच्या दोन नळ्या आणल्या, पुठ्ठ्यावर समसमान कालवल्या, चिरेत भरल्या, सुतळीनं गच्च आवळलं आणि चोवीस तास हात लावला नाही. जोड असा बसला की नख फिरवलं तरी कळू नये. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी तो कौतुकानं दाखवत असे.

चार वर्षांनी जोडाच्या अगदी शेजारचं लाकूड फाटलं. जोड जागचा हलला नव्हता. त्यानं आपला ताण शेजाऱ्यावर ढकलला होता. मग मात्र तंबोरा मिरजेला नेला. तिथल्या कारागिरानं तो मांडीवर आडवा घेतला, गळ्यावरून बोट फिरवलं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"मीच."

"घट्ट केलंय. आता हे सुटायचं नाही."

क्षणभर मला ती शाबासकी वाटली. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्याकडे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे तंबोरे येतात, सरसानं जोडलेले. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. गरम पाण्याचं फडकं जोडावर धरायचं, पातळ सुरी हलकेच सारायची, की जोड उघडतो आणि लाकूड शाबूत राहतं. "हे आता कापावं लागणार," ते म्हणाले. तसं ते कापलंही. गळ्याचा तुकडा गेला, नवा बसला. तंबोऱ्याचा आवाज परत आला. तो तोच आहे का, हे सांगायला आत्या नाही.

माझ्या हातून नेमकी काय चूक झाली, याचा विचार मी त्यानंतर बरेच दिवस करत होतो. निष्काळजीपणा म्हणावा, तर मी फारच काळजी घेतली होती. बाजारात मिळणारी सगळ्यात मजबूत वस्तू वापरली होती. चूक त्याच्याही आधीची होती. माझ्यानंतर हा तंबोरा दुरुस्त करायला कुणी बसणार आहे, हे मी धरलंच नव्हतं. शेवटचा माणूस मीच, असं समजून मी गाठ मारली होती.

*

गाठीचे दोन प्रकार आपण लहानपणीच शिकतो. निरगाठ सोडवायला हिसका द्यावा तर ती आणखी आवळते. सुरगाठीचं मोकळं टोक ओढलं की ती सुटते. धरून ठेवायचं काम दोन्ही करतात. फरक कळतो तो सोडायची वेळ आल्यावर. नाडीला निरगाठ बसली की कात्री शोधावी लागायची, ते आठवत असेल.

एपॉक्सी ही रसायनशास्त्रातली निरगाठ. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली या दोघांच्या विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांतल्या कामातून ती आकाराला आली. कास्तां कृत्रिम दातांसाठी साहित्य शोधत होते. तिच्या दोन नळ्यांपैकी एकीत रेझिन असतं. त्याच्या रेणूंच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं छोटं त्रिकोणी कडं असतं. हे कडं वाकवून बसवलेल्या कामटीसारखं ताणलेलं असतं, उघडायला टपलेलं. दुसऱ्या नळीतला हार्डनर ते उघडतो आणि तिथे स्वतःला जोडून घेतो. एका टोकाशी, दुसऱ्या टोकाशी, शेजारच्याशी, त्याच्या शेजारच्याशी. काही तासांत सगळ्या दिशांना पसरलेलं एक जाळं तयार होतं. जे कालवलं ते सगळं मिळून जणू एकच अवाढव्य रेणू होऊन बसतं.

मेण तापवलं की वितळतं, गार झालं की घट्ट होतं. हा खेळ कितीही वेळा खेळता येतो. बाटल्या-पिशव्यांचं प्लास्टिक या जातीचं. एपॉक्सीचं तसं नाही. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही. आणखी तापवली तर ती करपते, एवढंच. एपॉक्सीची सगळी कीर्ती या न सुटण्यावरच उभी आहे. सर्किट बोर्ड, विमानांचे भाग, जहाजांचे रंग, टाक्यांच्या आतले लेप, पुलांच्या दुरुस्त्या, सगळीकडे आपण तिच्यावर विसंबतो, कारण ती सोडत नाही.

*

मिरजेहून परतताना साताऱ्याला थांबलो आणि ठोसेघरच्या रस्त्यानं चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. महाराष्ट्रातल्या पवनऊर्जेची सुरुवातीची मोठी वस्ती या भागातली. विसेक वर्षांपूर्वी इथं आलो होतो तेव्हा त्या पांढऱ्या चक्क्या भविष्यातून आल्यासारख्या वाटल्या होत्या. आता काही थांबलेल्या आहेत, आणि रस्त्याच्या कडेला गवतात एक उतरवलेलं पातं पडलं होतं. वरून केवढंसं दिसणारं ते पातं जवळून एखाद्या होडीपेक्षा लांब होतं. कडेला कापलेल्या जागी काचेचे तंतू केसांसारखे बाहेर आले होते. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "लोखंड गेलं, तांबं गेलं. हे कोण नेणार?"

पवनचक्कीच्या वजनाचा सुमारे ८५ ते ९० टक्के भाग पुन्हा वापरात येऊ शकतो, असं पवनऊर्जा उद्योग सांगतो, आणि ते खरं आहे. मनोरा पोलादाचा, जनित्रात तांबं. भंगारवाल्याच्या काट्याला हे सगळं समजतं. उरतात ती पाती. काचेचे किंवा कार्बनचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं एपॉक्सीसारखं रेझिन. पात्याचं आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षांचं. ती वर्षं वाऱ्यात, उन्हात, पावसात तग धरायची म्हणून निरगाठ मारली, आणि ती वर्षं संपल्यावरही गाठ तशीच राहिली. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्परच्या कचराभूमीत तुकडे केलेली पाती ओळीनं मांडून पुरतानाची छायाचित्रं २०२० मध्ये जगभर फिरली. पांढऱ्या हाडांसारखी दिसणारी ती पाती पाहून पवनऊर्जेच्या विरोधकांना आनंद झाला आणि समर्थकांना लाज वाटली. माझ्या मते दोन्ही भावना थोड्या चुकीच्या जागी होत्या. पात्याचा कचरा कोळशाच्या राखेपुढे फार थोडा आहे. प्रश्न किती पुरलं याचा नव्हताच. पृथ्वी नीट राहावी म्हणून केलेली वस्तूसुद्धा आपण शेवटचे असल्यासारखी केली होती, हा होता.

*

ही निरगाठ सुरगाठ करता येईल का, यावर गेली पंधरा-वीस वर्षं काम चालू आहे. २०११ मध्ये पॅरिसमधल्या लुडविक लाइबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की एपॉक्सीच्या जाळ्यात एस्टर बंध घातले आणि योग्य उत्प्रेरक मिसळला, तर तापवल्यावर ते बंध आपापसात जागा बदलतात. जाळं तुटत नाही, तरी आकार बदलता येतो, जशी काच तापवून वळवता येते. या पदार्थांना त्यांनी 'व्हिट्रिमर' म्हटलं. दुसरा मार्ग हार्डनरमध्येच असा बंध ठेवण्याचा, की ठरावीक आम्लात तो उघडावा. आदित्य बिर्ला समूहाचं 'रिसायक्लमाइन' या जातीचं. सीमेन्स गमेसानं २०२१ मध्ये जाहीर केलेल्या पुनर्वापरयोग्य पात्यांत ते वापरलं गेलं, आणि २०२२ मध्ये अशी पाती जर्मनीच्या समुद्रातल्या कास्कासी प्रकल्पात फिरू लागली.

तिसरं पाऊल २०२४ च्या ऑगस्टमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरीच्या संशोधकांनी वनस्पतीजन्य शर्करेसारख्या स्रोतांपासून मिळवता येण्याजोगे घटक घेऊन एक रेझिन बनवलं. त्याचं नाव 'पेकान'. त्यातून नऊ मीटरचं नमुना पातं तयार केलं. तापवलेल्या मिथेनॉलमध्ये हे रेझिन सुमारे सहा तासांत विरघळून सुटं होतं. काचेचे तंतू परत मिळतात, हार्डनरही परत मिळतो.

इथं दोन प्रश्न एकमेकांत मिसळू देऊ नयेत. पदार्थ कुठून आला, हा एक. तो कुठं जाणार, हा दुसरा. सोयाबीनच्या तेलापासून केलेल्या एपॉक्सीतही निरगाठ असू शकते, आणि खनिज तेलापासून केलेल्या एपॉक्सीत सुरगाठ. 'वनस्पतीजन्य' हा शब्द ऐकला की आपलं मन विरघळतं. रेझिन विरघळेलच असं नाही.

शिवाय 'कुठून आलं' या प्रश्नाचं उत्तरही वनस्पतीच्या नावाशी संपत नाही. कोकणातलं उदाहरण घ्या. काजूच्या टरफलात एक दाहक तेल असतं. पूर्वीपासून ते होड्यांच्या लाकडाला लावत आले आहेत. त्यातून मिळणारं कार्डानॉल आज एपॉक्सीच्या धंद्यात जगभर वापरलं जातं, विशेषतः जहाजांच्या रंगांतल्या हार्डनरसाठी. खाण्याच्या बीशी त्याची स्पर्धा नाही, वेगळी जमीन लागत नाही, जे टाकून द्यायचं तेच कामाला येतं. कागदावर याहून निर्मळ कच्चा माल सापडणं कठीण. पण काजू फोडणाऱ्या बाईच्या हाताला राख किंवा तेल चोपडलेलं असतं, ते याच तेलानं कातडी जळू नये म्हणून. तिची बोटं काळी पडतात, सोलवटतात. खनिज तेलाऐवजी काजूचं तेल आलं म्हणून नैतिक हिशेब मिटत नाही. फक्त हिशेबाच्या वहीत आता एक माणूस दिसू लागतो, जो आधी दिसत नव्हता.

*

या सगळ्या बातम्या वाचताना मी एका प्रत्ययापाशी अडकलो. 'वनस्पतीपासून मिळवता येण्याजोगं.' 'पुन्हा वापरण्याजोगं.' 'सुटण्याजोगं.' मराठीत 'जोगं' म्हणजे लायक. खाण्याजोगं म्हणजे खाल्लेलं नव्हे. लग्नाजोगी मुलगी म्हणजे लग्न झालेली नव्हे. पेकानच्या संशोधकांनी शब्द जपून वापरला आहे: घटक वनस्पतींपासून मिळवता येण्याजोगे आहेत. ते तसे मिळवले जातील का, हे कारखाना, बाजारभाव आणि कायदा ठरवणार. तेच सुटण्याबद्दल. पदार्थानं आपल्या बाजूनं दार ठेवलं आहे. ते उघडायचं काम पदार्थ करत नाही.

बाटलीचं प्लास्टिक पहिल्यापासूनच पुनर्वापराजोगं होतं. तरी पुण्यात ते खरोखर पुनर्वापरात जातं ते वस्तीवस्तीतून पोतं घेऊन फिरणाऱ्या बायकांमुळे. त्यांना १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत एकत्र यावं लागलं, तेव्हा कुठं त्यांच्या श्रमाला ओळखपत्र मिळालं. जोगेपण रेणूत असतं. होणं माणसांच्या हातांत असतं. हे हात कुणाचे, त्यांना मजुरी काय, हातमोजे आहेत का, हे प्रयोगशाळेत ठरत नाही. पात्यांच्या बाबतीतही ठरलेलं नाही. भारताची पवनऊर्जा क्षमता २०२५ मध्ये ५० गिगावॉटवर पोचली. आज उभं राहणारं पातं उतरेल तेव्हा २०५० येईल. आज ज्यानं ते उभारलं ती कंपनी तेव्हा असेल? ज्या शेतकऱ्याच्या बांधाला ते आहे, त्याच्या नातवाला कुठल्या द्रावणात ते सुटतं हे माहीत असेल?

म्हणून 'सुटण्याजोगं' हे मला वचन वाटतं, आणि वचन पाळायला कुणीतरी मागं राहावं लागतं. हॅना आरेन्टनं 'द ह्यूमन कंडिशन' या १९५८ च्या पुस्तकात मानवी कृतीच्या दोन अडचणी सांगितल्या आहेत. केलेलं परत फिरवता येत नाही, ही पहिली. त्यावर तिचा उपाय क्षमा. पुढं काय होईल ते कळत नाही, ही दुसरी; त्यावर उपाय वचन. ती हे माणसामाणसांतल्या कृतीबद्दल म्हणत होती, वस्तूंबद्दल नव्हे. पण वस्तूंकडे त्या नजरेनं पाहिलं की एक गोष्ट स्पष्ट होते. सुटणारा बंध ही आगाऊ मागून ठेवलेली क्षमा आहे: आम्ही चुकलो असू, तर तुम्हाला सुधारता यावं. आणि वचनाशिवाय मागितलेली क्षमा फार स्वस्त असते. 'होईल की रिसायकल' म्हणत आपण दुप्पट वापरतो, आणि सोडवण्याचं काम अजून जन्मलेले नाहीत त्यांच्या नावे लिहून मोकळे होतो.

*

यावर माझ्या एका इंजिनिअर मित्राचा आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. तो म्हणतो, "पंचवीस वर्षं वादळात उभं राहायचं आहे त्याला. सुटू शकतो अशा बंधावर मी माणसांचा जीव टांगू? मजबुती ही पण नैतिक गोष्ट आहे." अगदी आहे. तुटणारं पातं कुणाच्या तरी अंगावर पडतं. सुटू शकणारे पदार्थ सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतात ही या क्षेत्रातली जुनी चिंता आहे, आणि पेकानच्या संशोधकांना आपलं रेझिन तसं सरकत नाही हे मुद्दाम दाखवावं लागलं ते याचसाठी. सरसालाही हा दोष आहेच; दमट हवेत तो ढिला पडतो. मिरजेच्या कारागिरानं मला तंबोरा कोरड्या जागी ठेवायला बजावलं ते उगीच नाही.

पण मित्राच्या म्हणण्यात एक गृहीतक लपलेलं आहे: सुटू शकतं ते सैल असतं. नटबोल्ट सुटू शकतो. त्यावर रेल्वेचे पूल उभे आहेत. तो वाऱ्यानं सुटत नाही, पान्यानं सुटतो. आकाशातून गरम मिथेनॉलचा पाऊस पडत नाही. चांगली सुरगाठ आपोआप सुटत नाही. जाणून ओढली तरच सुटते. मजबुती आणि सुटका यांच्यात निवड करावी लागते असं आपण समजत आलो, कारण आपल्याकडचं पहिलं मजबूत साहित्य तसं निघालं. ती पदार्थाची मर्यादा होती. तिला आपण सद्गुण समजून बसलो. 'कायमचं' या शब्दाला आपल्याकडे फार मान आहे.

एक गोष्ट मात्र मित्राला मान्य करायला हवी. जिथे दोन्ही साधत नाही, तिथे आज चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचं पातं आधी. भविष्यातल्या माणसांसाठी आजच्या माणसाला धोक्यात घालायचा अधिकार मला नाही. पण हा अपवाद खरोखर गरज असेल तिथेच वापरायचा आहे. आत्याच्या तंबोऱ्याच्या डोक्यावर कुठलं वादळ नव्हतं.

आपल्याकडे पितृऋणाची कल्पना आहे. ते फेडायचं कसं, तर पुढची पिढी वाढवून. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना परत देता येत नाही, म्हणून पुढच्यांना द्यायचं. संततीपुरता घेतलेला हा अर्थ मी वस्तूंपर्यंत ताणू इच्छितो. आत्याच्या तंबोऱ्याच्या कारागिरानं सरस वापरला, म्हणून साठ वर्षांनी तो उघडता आला असता. ती सोय मला मिळालेली होती. मी ती वापरून टाकली आणि पुढं दिली नाही. ऋण बुडवणं म्हणतात ते हेच. त्यासाठी दुष्ट असावं लागत नाही. दोन नळ्या आणि एक मोकळा रविवार पुरतो.

आता कुणी नवं साहित्य घेऊन आलं, की मी तीन गोष्टी विचारतो. हे सुटतं का? कशानं सुटतं हे पुढच्याला कुठून कळणार? आणि सोडवण्याचा खर्च आजच्या किमतीत धरला आहे का? पहिल्याचं उत्तर रसायनशास्त्र देऊ लागलं आहे, आणि ते साधं यश नाही. दुसऱ्याची सुरुवात झाली आहे. युरोपीय संघानं २०२४ च्या नियमनात वस्तूंसाठी डिजिटल पासपोर्टची तरतूद केली, म्हणजे वस्तूबरोबर तिची कुंडली जावी. तिसरा प्रश्न विचारला की बैठकीत शांतता पसरते.

तंबोरा परत आणायला गेलो तेव्हा तबली बसवायची राहिली होती. कारागिरानं मला आत डोकावायला सांगितलं. भोपळ्याच्या आतल्या बाजूला, बाहेरून कधीच दिसणार नाही अशा जागी, त्यांनी पेन्सिलीनं तारीख लिहिली होती. खाली दोन शब्द: "गळा नवा. सरस." मी विचारलं, हे कोण वाचणार? त्यांनी सरसाचं भांडं गरम पाण्यात ठेवलं आणि म्हणाले, "जो उघडेल तो."